रॅलीच्या तीन दिवस आधी: आरव्ही मेळाव्यातील स्वयंसेवक-व्यवस्थेचे परीक्षण

अमेरिकेत मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेले मोटारवाहन) आणि ट्रेलर (मागे जोडून ओढायचे फिरते घर), म्हणजेच आरव्ही, घेऊन फिरणाऱ्यांच्या मेळाव्याला रॅली म्हणतात. यंदाच्या वसंत ऋतूत पश्चिमेकडील एका राज्यात, काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर भरलेल्या एका मोठ्या रॅलीत आम्ही पती-पत्नींनी वाहने लावून देणाऱ्या पथकात काम केले. रॅलीतील व्याख्याने आणि प्रदर्शने यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मात्र स्वयंसेवक म्हणून दाखल होणाऱ्या जोडप्याचे स्वागत कसे होते, त्याला काम कसे दिले जाते आणि त्याची सोय कितपत पाहिली जाते, याविषयी आम्हाला जाण्यापूर्वी फारसे काही वाचायला मिळाले नव्हते, म्हणून हे परीक्षण त्याच व्यवस्थेपुरते लिहीत आहे.

देवाणघेवाण सरळ होती. रॅलीचे शुल्क आम्ही इतरांप्रमाणेच भरले. त्याखेरीज तीन दिवस आधी येऊन रोज चार तास काम करायचे आणि त्या तीन रात्रींच्या जागेचे भाडे द्यायचे नाही, असे ठरले होते. आधी पाठवलेले सूचनापत्र उत्तम होते. कोणत्या फाटकाने यावे, किती वाजेपर्यंत यावे, पिण्याच्या पाण्याची टाकी भरून आणि सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या करून का यावे, हे सर्व त्यात कारणांसह दिले होते. मैदानावरील डंप स्टेशन, म्हणजे टाक्यांतील सांडपाणी सोडण्याच्या जागा, मोजकीच असतात आणि शेकडो वाहने एकाच आठवड्यात येतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या सूचनेचे मोल कळेल.

प्रत्यक्ष आगमन मात्र तितके सुरळीत झाले नाही. फाटकावरील व्यक्तीकडे स्वयंसेवकांची यादीच पोहोचलेली नव्हती, आणि आम्हाला मागे वळून दुसऱ्या फाटकाने येण्यास सांगण्यात आले. आमच्या मोटरहोमच्या मागे चारही चाकांवर ओढली जाणारी गाडी जोडलेली असते. अशा जोडणीत मोटरहोम मागे घेता येत नाही. मागे घेण्याचा प्रयत्न केला तर गाडीची पुढची चाके एका बाजूला वळतात आणि ओढदांडा किंवा गाडीचे स्टिअरिंग यांचे नुकसान होऊ शकते. त्यामुळे भर रस्त्याच्या कडेला गाडी सोडवणे, मोटरहोम वळवणे आणि पुन्हा जोडणी करणे यात आमचा जवळजवळ पाऊण तास गेला. मोठ्या वाहनांसाठीच भरणाऱ्या मेळाव्याच्या फाटकावर ही अडचण ओळखणारा माणूस असायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

आत गेल्यावर सगळे चित्र बदलले. पथकप्रमुखांनी पहिल्याच संध्याकाळी तासभर शिकवले, आणि ते शिक्षण या संपूर्ण अनुभवातील सर्वांत मौल्यवान भाग होता. वाहन जागेवर घेताना खुणा करणारी व्यक्ती एकच असावी. ती चालकाला आरशात सतत दिसली पाहिजे आणि ती दिसेनाशी झाली तर चालकाने त्याच क्षणी थांबावे. ‘थांबा’ ही खूण कोणीही करू शकतो, पण ‘या’ ही खूण नेमलेल्या व्यक्तीनेच करावी. आतली जागा वाढवण्यासाठी वाहनाच्या भिंती कोणत्या बाजूला सरकून बाहेर येतात हे आधी विचारावे, म्हणजे शेजारच्या वाहनाचा छपरी पडदा (बाजूला पसरणारे कापडी छत) उघडायला जागा उरते. जनरेटर वापरणाऱ्यांच्या रांगा वेगळ्या होत्या आणि त्या रांगांमध्येही रात्री तो बंद ठेवण्याचा नियम होता. शेजारी-शेजारी राहू इच्छिणाऱ्यांनी फाटकातूनच एकत्र यावे, हा नियम समजावून सांगणे सर्वांत कठीण गेले, कारण मित्रांसाठी मधली जागा राखून ठेवली की पुढची सगळी रांग अडते.

येणाऱ्यांमध्ये बहुसंख्य जोडपीच होती, आणि आठ-नऊ तासांच्या प्रवासानंतर एकाने चाक धरायचे आणि दुसऱ्याने मागून ओरडून दिशा सांगायची, यात किती ताण साचतो, हे आम्हाला आमच्याच अनुभवावरून माहीत होते. खुणा करण्याचे काम आम्ही घेतले की मागे उभा असलेला जोडीदार चटकन सैल होत असे. एकट्या आलेल्या एका वयस्कर बाईंना त्यांचे फिफ्थ व्हील (ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडला जाणारा मोठा ट्रेलर) ट्रकपासून सोडवताना माझ्या पतींनी मदत केली, तेव्हा हे काम निवडल्याचे मला मनापासून समाधान वाटले.

माझी खरी तक्रार पाळ्यांविषयी आहे. अर्जात दोघांची नावे स्वतंत्र घेतली होती आणि त्यानुसार मला सकाळची, तर पतींना दुपारची पाळी दिली होती. कागदावर दोन माणसांचे आठ तास भरले, पण एकाच वाहनात राहणाऱ्या आणि एकच गाडी बाळगणाऱ्या जोडप्याचा संपूर्ण दिवस त्यात संपला. आम्ही विनंती करताच पथकप्रमुखांनी त्याच रात्री बदल केला, हे आवर्जून सांगितले पाहिजे. एकत्र काम करू लागल्यावर मी रांगेच्या तोंडाशी रेडिओ घेऊन उभी राहत असे आणि पती जागेवर. आमच्या खुणा अनेक वर्षांच्या सवयीच्या असल्यामुळे आम्हाला बोलावेही लागत नसे. जोडप्याला एक तुकडी मानण्यात आयोजकांचाच लाभ आहे.

विजेबाबतही अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडले. ५० अँपिअरची जोडणी मिळेल असे कळवले होते, मिळाली ३० अँपिअरची. ऐकायला हा फरक लहान वाटतो, परंतु ३० अँपिअरच्या जोडणीतून १२० व्होल्टवर ३,६०० वॅट मिळतात, तर ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन तारा असल्याने १२,००० वॅट. पहिल्या जोडणीवर दोन वातानुकूलन यंत्रे सहसा एकाच वेळी चालवता येत नाहीत, आणि दुपारी उन्हातून परतलेल्या माणसाला ते जाणवते. स्वयंसेवकांचे रोजचे संध्याकाळचे जेवण साधे आणि पुरेसे होते.

या मेळाव्यांची मुळे लक्षात घेतली तर या तक्रारी योग्य प्रमाणात दिसतात. फॅमिली मोटर कोच असोसिएशन ही संघटना १९६३ साली मेन राज्यातील हिंक्ली येथे, २० जुलैचे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी आपापली वाहने घेऊन जमलेल्या कुटुंबांतून उभी राहिली. एस्केपीज हा आरव्ही-प्रवाशांचा क्लब जो आणि के पीटरसन या फिरस्त्या जोडप्याने १९७८ साली स्थापन केला. आमच्या रॅलीतही पाळ्या लावणारे, रेडिओ वाटणारे आणि मला खुणा शिकवणारे सर्वजण बिनपगारी होते आणि त्यांतील बरेचजण आमच्यासारखेच जोडीने आले होते.

पुढील वर्षासाठी आम्ही पुन्हा नाव दिले आहे. दोघांना एकच पाळी हवी हे या वेळी अर्जातच लिहिले असून, मागे गाडी जोडलेल्या वाहनाला वळसा घेता येईल अशा फाटकाचा नकाशा स्वयंसेवकांना आधी पाठवावा, अशी विनंतीही सोबत जोडली आहे.