शाफ्ट्सबरी की राय? टेकडीवरची दोन इंग्लिश गावं

लंडनहून झटपट जाऊन यायचं तर राय सोपं, पण खरी चढण हवी असेल तर डॉर्सेटमधलं शाफ्ट्सबरी. ते समुद्रसपाटीपासून दोनशेहून अधिक मीटर उंचावर आहे आणि गोल्ड हिलच्या दगडी उतारावरून खाली ब्लॅकमोर खोरं पसरलेलं दिसतं. ससेक्समधल्या रायची टेकडी त्यापुढे उंचवटाच म्हणायची.

शाफ्ट्सबरीचं दुखणं पाण्याचं. उंचीमुळे शत्रू दूर राहिला, पण पाणीही खालीच राहिलं. शतकानुशतकं ते पायथ्याच्या एन्मोर ग्रीनच्या झऱ्यांवरून घोड्या-गाढवांच्या पाठीवर वर यायचं. त्याबद्दल गावकरी दरवर्षी वाजतगाजत खाली जाऊन हातमोजे, पाव, बिअर आणि वासराचं मुंडकं नजर करत! राजा आल्फ्रेडने नवव्या शतकात इथे मठ स्थापला आणि आपल्या मुलीलाच मठाधिपती केलं. १०३५ मध्ये राजा कनूट इथेच वारला. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला. आज नुसता पाया दिसतो.

रायचं उलट. तिथे पाणी दाराशी होतं, तेच निघून गेलं. एके काळचं हे बंदर गाळ साचत गेल्याने आता समुद्रापासून सुमारे तीन किलोमीटर आत आहे. १३७७ मध्ये फ्रेंचांनी ते जाळलं. मर्मेड स्ट्रीटची वाकडी घरं मात्र फोटोत शाफ्ट्सबरीला सहज मागे टाकतात.

माझं मत शाफ्ट्सबरीला. फक्त गुडघे सांभाळा.