गाडीच्या इंजिनचा बोअर न मारताच पैसे घेतले: माझे 9,850 रुपये असे गेले

लिहायला लाज वाटते, कारण मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे यंत्रमागांची (लूमची) देखभाल करतो. चौदा वर्षं लूमचे बुश, शाफ्ट, बेअरिंग माझ्या हाताखालून गेलेत. झीज कशी ओळखायची हे मला शिकवायची गरज नाही. तरीही फसलो.

वडिलांची 2004 ची स्प्लेंडर. सकाळी पहिल्या किकला निळा धूर यायचा, पिकअप पार गेलेलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत रात्रपाळी, घरात दुसरी गाडी नाही. सोलापूरची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली, सगळे मेस्त्री कामात. एकाने सांगितलं म्हणून त्या गॅरेजला टाकली.

इंजिनचं हेड खोलल्यावर मेस्त्रीने एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्ण बाहेर ओढला. दांडीचं टोक तेवढं गाईडमध्ये, म्हणजे दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात, राहिलं. मग चिमटीत धरून हलवला. "बघा की अण्णा, किती खेळतोय! गाईड गेलं, दोन्ही व्हॉल्व्ह गेले."

मी मान हलवली. आजही तो व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर येतो आणि रक्त उसळतं. शाफ्ट बुशच्या टोकापर्यंत ओढला की नवाकोरा असला तरी हलणारच, हे मी स्वतः पोरांना लूमवर सांगतो! प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघायचा तर व्हॉल्व्ह त्याच्या बसायच्या जागेवरून (सीटवरून) सेंटीमीटरभर उचलून बघायचा. पण रात्रपाळी करून सरळ तिथे गेलो होतो, डोळे मिटत होते, आणि तो माणूस इतक्या आपुलकीने बोलत होता की शंका घ्यायचाच संकोच वाटला.

पिस्टन ज्यात फिरतो त्या ब्लॉकच्या वरच्या कडेला नख लावून झिजेची पायरी दाखवली. ती खरी होती. पण मोजमाप काहीच नाही. ब्लॉकमधल्या भोकाचा (बोअरचा) व्यास मोजणारं गेज लावल्याशिवाय "बोअर गेला" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

चिठ्ठीवर लिहिलेलं असं: बोअरिंग (बोअर कापून मोठा करणं) 600, 0.50 चं, म्हणजे अर्धा मिलीमीटर मोठं, पिस्टन-रिंग किट 1,450, दोन व्हॉल्व्ह 780, गाईड 900, सीट कटिंग 500, टायमिंग चेन सेट 1,100, क्लच प्लेट 850, ऑइल-गास्केट 770, मजुरी 2,900. पाच हजार फोनवरून दिले, 4,850 रोख. जुना माल मागितला तर "भंगारात गेला."

सहाशे किलोमीटरही झाले नसतील, आता चालत्या गाडीतूनही धूर यायला लागला. विजापूर रोडच्या दुसऱ्या मेस्त्रीने माझ्यासमोर इंजिन खोललं. पिस्टनच्या डोक्यावरचा काजळीचा थर खरवडला. मोठ्या पिस्टनवर असतो तो 0.50 चा आकडा कुठेच नाही. तेच जुनं पिस्टन, फक्त रिंगा नव्या. ब्लॉकमध्ये पॉलिश पेपरचे उभे ओरखडे. या इंजिनचा मूळ बोअर 50 मिलीमीटर. 0.50 चं पिस्टन बसवायचं तर तो 50.50 च्या आसपास हवा. गेजवर वर 50.11, खाली 50.04. म्हणजे बोअर मारायची गरज खरी होती, पैसेही घेतले, आणि काम केलंच नाही! व्हॉल्व्ह जुनेच, गाईडला हात लावलेला नाही, आणि तशी गरजही नव्हती. सकाळचा धूर कडक झालेल्या व्हॉल्व्ह सीलचा (दांडीवरून ऑइल आत जाऊ न देणाऱ्या रबराचा) होता. बोअरिंग, किट, व्हॉल्व्ह, गाईड, सीट कटिंग मिळून 4,230 रुपये, त्यात खऱ्या फक्त रिंगा; मजुरी वेगळीच.

जुना माल आधीच ठरवून घ्या, नंतर मिळत नाही. पिस्टन बसवायच्या आधी आकड्याचा फोटो काढा.

गॅरेजवाला म्हणाला, "मधे दुसऱ्याने इंजिन खोललंय, आता माझी जबाबदारी नाही." म्हणजे खोलल्याशिवाय पुरावा नाही, आणि खोललं की पुरावा बाद. चौकीत तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब यात्रेच्या बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा दीड तास बाकड्यावर बसवून "उद्या या." तिसऱ्यांदा चिठ्ठी हातातही न घेता "हा दिवाणी मामला आहे, आपसात मिटवा." अर्ज घ्या, पोच द्या, एवढंच मागत होतो. वर एका हवालदाराने विचारलं, "दहा हजारांसाठी कशाला हिंडता?" माझा अर्ध्या महिन्याचा पगार आहे तो!

चिठ्ठीवर गॅरेजचं नाव नाही, शिक्का नाही, सही नाही. पक्की पावती घ्या. रोख देऊच नका, माझ्या त्या 4,850 ची आज कुठेच नोंद नाही. सील पारखायचं असेल तर हेड बंद करण्याआधी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून व्हॉल्व्हच्या कडेने झिरपतंय का बघायला लावा... नाही, चुकलो, त्याने सीटची गळती कळते, सीलची नाही. संतापात लिहितोय.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, तिथला अर्ज लिहायला घेतलाय. जुनं पिस्टन पिशवीत बांधून कपाटात ठेवलंय, गेजच्या फोटोंसकट.