मेट्रीब्युझीन + 2,4-डी उसात वापरून हंगाम झाला, चुनखडी रानातला अनुभव

पंढरपूर भाग, रान काळं पण चुनखडीचं, माती परीक्षणात सामू (pH) 8 च्या वर. मेट्रीब्युझीन 70 टक्के पावडर आणि सोबत 2,4-डी सोडियम सॉल्ट 80 टक्के, ही दोन्ही तणनाशकं, आधी लागणीत आणि मग खोडव्यात (तोडणीनंतर परत फुटलेल्या उसात) पण वापरली. कंपनी कुठली ते सोडा, घटक तेच असतात.

तण मारण्याबद्दल तक्रार नाय. काँग्रेस गवत, घोळ, माठ सगळं बसलं, रानात वापसा (बेताची ओल) होता हे पण धरा. लव्हाळा मात्र जसाच्या तसा, त्याला हॅलोसल्फ्युरॉन हे वेगळं तणनाशक लागतं, आणि हरळीचं तर नावच नको.

आता पिवळेपणाचं. फवारणी झाली की थोड्याच दिवसात ऊस पिवळा दिसतो आणि बांधावरचा प्रत्येक जण म्हणतो औषधानं झटका दिला. अहो आधी पान तर बघा कुठलं पिवळं झालंय. मेट्रीब्युझीन मुळातून पाण्याबरोबर वर चढतं आणि जुन्या पानात साठत जातं, म्हणून त्याचा झटका खालच्या पानांच्या शेंड्याला, कडेला करपल्यासारखा दिसतो. लोहाचं उलटं, ते जुन्या पानातून नव्या पानात जातच नाही म्हणलं तरी चालेल, म्हणून केवडा (लोह कमी पडून येणारा पिवळेपणा) पडतो तो पोंग्यातल्या, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानावर, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, लई झालं तर पांढरा. आमच्या एकाच रानात दोन्ही होतं, मुरमाड टोकाला झटका आणि चुनखडीच्या पट्ट्यात केवडा. झटक्याला काही केलं नाही, नवीन पानं आपोआप चांगली आली. केवड्यावर हिराकस (फेरस सल्फेट) अर्धा टक्का, त्यात थोडं लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) टाकून फवारलं तेव्हा पोंगा हिरवा झाला.

आणि सामू जास्त असला की मेट्रीब्युझीन मातीला कमी चिकटतं, मुळाला जास्त मिळतं. त्यामुळं आपल्याकडं लेबलपेक्षा डोस वाढवायची काहीच गरज नाही, तरी काउंटरवर "भारी जमीन आहे, थोडं जादा घ्या" हे ऐकावंच लागतं.

पाणी उजनीच्या कॅनॉलचं घेतलं. बोअरचं जड पाणी असलं की त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम 2,4-डी ला धरतं आणि खाली साका बसतो. शेजारच्यांनी बोअरचंच पाणी घेतलं, वर दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याच पंपात झिंक सल्फेट पण टाकलं, नासलेल्या दुधासारखं फुटलं सगळं आणि दिवसभर नोझल साफ करत बसले. झिंक, हिराकस वेगळ्या फवारणीतच घ्या.

युरिया तण मरायला लागल्यावरच टाकला, मातीआड करून. तण हिरवंगार असताना टाकला की पहिला घास त्याचाच.

शेजारी डाळिंब किंवा द्राक्ष असेल तर वारं बघूनच पंप उचला, 2,4-डी चे थेंब तिकडं गेले की भांडण पक्कं. उसात हरभरा किंवा कांदा आंतरपीक असेल तर मात्र हे जोडऔषध घेऊच नका, तिथं खुरपणच.