नाली, पाईप की मैदान? छोट्या लेआउटच्या पावसाळी पाण्याचा हिशेब

नागपुरात बेसा-हुडकेश्वरकडच्या कुठल्याही लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, पावसाळ्याआधी रहिवाशांची बैठक बसली की पहिला प्रश्न हाच येतो: नाली खुली ठेवायची की पाईप टाकून रस्ता मोकळा करायचा? त्याआधी एक गोष्ट मोजून घ्यायला हवी. पाणी शेवटी ज्या नाल्यात सोडायचे, त्याचा तळ तुमच्या सर्वांत सखल रस्त्यापेक्षा किती खाली आहे, आणि भर पावसात तो नाला कुठवर चढतो? सर्व्हेअरकडून लेव्हल काढून घ्या, नाल्याकाठी राहणाऱ्या जुन्या माणसांना विचारून पुराची खूण भिंतीवर करून ठेवा. ही दोन मापे हाती नसताना मागवलेली कोटेशन्स कामाची नाहीत.

आता पाणी किती, ते पाहू. पाच एकरांचा, म्हणजे साधारण २ हेक्टरचा, साठ-सत्तर घरांचा लेआउट धरा. तासाभरात ६० मिमी पाऊस पडला आणि छपरे, सिमेंट रस्ते, फरशीची अंगणे यांमुळे त्यातला ७० टक्के वाहून आला, तर तासात ८ लाख ४० हजार लिटर पाणी होते. म्हणजे सेकंदाला सुमारे २३० लिटर. हा आकडा फुगवलेला नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर काही तासांत शहरात शंभर मिमीच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घरांत पाणी शिरले.

आमच्या लेआउटमध्ये ठेकेदाराने ३०० मिमी व्यासाचा पाईप टाकला होता. दर ३०० मीटरला एक मीटर उतार धरला, तर असा पाईप भरून वाहतानाही सेकंदाला ५५-६० लिटरच नेतो. वाहून येणाऱ्या पाण्याचा चौथा भाग! तो अपुरा आहे हे आम्हाला पहिल्याच पावसाळ्यात, गुडघाभर पाण्यात उभे राहून कळले. त्याच उताराला ४५० मिमीचा पाईप १६० लिटरपर्यंत पोचतो, तोही कमीच. ६०० मिमी घेतला तर ३५० च्या आसपास, म्हणजे पुरतो.

पण ६०० चा पाईप जमिनीत पुरायचा, तर रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांसाठी त्याच्या डोक्यावर पाऊण-एक मीटर भराव हवा. सुरुवातीलाच तळ दीड मीटर खाली जातो. २०० मीटर लांबीत उताराचे आणखी ६५ सेंमी धरले की शेवटच्या चेंबरपाशी तो सव्वादोन मीटरच्या जवळपास पोचतो. तुमचा नाला दीड मीटरच खोल असेल, तर पाईपचे तोंड कायमचे गाळात बुडलेले राहणार. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. खाली मुरमाची चांगली बिछावणी नसेल तर सांधे सरकतात. आणि हे सगळे जमिनीखाली होत असल्याने पाणी तुंबेपर्यंत कुणाला दिसत नाही.

४५ सेंमी रुंद आणि ६० सेंमी खोल आरसीसी नाली त्याच उताराला ते २३० लिटर पाणी काठाच्या खालूनच घेऊन जाते. शेवटाला तिचा तळ सव्वा मीटरवर, म्हणजे उथळ नाल्यातही उतरू शकतो. कचरा अडकला तर दिसतो, फावड्याने निघतो. तिच्या अडचणीही खऱ्या आहेत: लहान मुले पडतात, घरापुढे गाडी चढवायला जो तो स्लॅब टाकतो, आणि त्या स्लॅबखाली गाळ साचून नाली आंधळी होते. म्हणून झाकणे दोन माणसांना उचलता येतील अशीच हवीत आणि कुणी कायमचा स्लॅब ओतायचा नाही, हे बैठकीत लेखी ठरवावे. एवढी शिस्त पाळणार असाल, तर मी बेधडक नाली निवडेन. नाला खोल आहे, रस्ता अरुंद आहे आणि दरवर्षी मे महिन्यात चेंबर उपसण्याचा खर्च वर्गणीत धरलेला आहे, अशा ठिकाणीच पाईप घ्यावा.

शोषखड्ड्यांवर अनेकांची भिस्त असते. दोन मीटर लांब, रुंद, खोल खड्डा गिट्टीने भरला तर त्यात तीनेक हजार लिटर मावतात, आणि भिजलेली काळी माती पुढचे पाणी फार सावकाश पिते. तो काळी माती ओलांडून मुरमापर्यंत नेला, तर छपराचे पाणी विहिरी-बोअरला मिळते. तेवढ्यासाठी जरूर करा. पूर त्याने थांबत नाही.

ज्याचा विचार फारसा कुणी करत नाही, तो पर्याय मैदानाचा. मंजूर लेआउटमध्ये साधारण दहा टक्के मोकळी जागा सोडलेली असते, दोन हेक्टरांत ती २,००० चौरस मीटर होते. तिचा निम्मा भाग फक्त ३० सेंमी खोलगट केला, कडा उतरत्या ठेवल्या, तर तीन लाख लिटर पाणी तिथे थांबते. नाला तुडुंब असताना तुमची नाली काय किंवा पाईप काय, पाणी सोडू शकत नाही, उलट नाल्याचेच पाणी आत येते. त्या तास-दोन तासांत घरांना आधार असतो तो या खोलगट भागाचा. नाला उतरला की तळाच्या छोट्या पाईपने मैदान दिवसभरात रिकामे व्हावे, म्हणजे डासांच्या अळ्या तयार होण्याइतका वेळ मिळत नाही. पोरांचे क्रिकेट एक दिवस बुडते. खर्च मुख्यतः खोदाईचा, आणि निघालेली माती कडेच्या झाडांना कामी येते. मात्र जागा ज्याच्या नावावर आहे, मनपा असो की नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), त्यांची लेखी परवानगी आधी घ्या.

पावसाळी पाणी गडरलाईनला, म्हणजे मैलापाण्याच्या पाईपलाईनला, जोडून टाकू, असे बैठकीत कुणीतरी म्हणेलच. त्याला तिथेच ठाम नकार द्या. मोठ्या पावसात ती लाईन भरते आणि तळमजल्याच्या संडासातून मैला घरात येतो. सखल प्लॉटवाल्यांनी हे भोगलेले असते, त्यांना बैठकीत बोलू द्या.

हाती पैसे एकाच कामापुरते असतील, तर माझा क्रम असा: आधी नाल्याकडचे तोंड आणि तिथे उलटे पाणी अडवणारी झडप, मग मैदान, मग नाली. काहीही ठरले तरी खोदकाम मेअखेर संपवा. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की काळ्या मातीतल्या चराच्या कडा ढासळतात, आणि अर्धवट खणलेला चर मग दिवाळीपर्यंत तसाच राहतो.