नौपाड्यात निवडलेली भाजी हवी असेल तर इथेच जा
संध्याकाळी लोकलमधून ठाण्याला उतरलं की भाजी निवडायचं त्राणच उरत नाही, म्हणून गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या काकूंचं हे छोटं दुकान मला फार आवडतं. सोललेले वाल तर एक नंबर, डाळिंब्या अख्ख्या, मोडासकट, आणि घरी करायचं म्हणजे भिजवा, मोड आणा, मग परत कोमट पाण्यात टाकून एकेक सोला, दोन दिवस जातात ना! गवार शिरा काढून हाताने मोडलेली असते. मेथी मात्र सकाळीच घ्या, नंतर ओलसर होते. चिरलेला कोबी मी नाही घेत, कापून ठेवला की व्हिटॅमिन सी कमी होतं आणि चिरायला वेळ तरी कितीसा लागतो. भाव थोडा जास्त पण मेहनत बघता वाजवीच, आदल्या दिवशी सांगितलं तर काकू बाजूला काढून ठेवतात.