शेंगाचटणीच्या गावात शाळा निवडताना

मागच्या वर्षी डिसेंबर ते मार्च या काळात आम्ही सोलापुरातील पाच शाळा पाहिल्या, त्यांपैकी एकीत मुलीला पहिलीत घातले आणि आता तिचे तिथले पहिले वर्ष पूर्ण झाले आहे. मुलीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. प्रवेशाच्या दिवसांत फी, माध्यम, मैदान, घरापासूनचे अंतर यांची माहिती कोणाकडूनही मिळते. पण मूल शाळेत असताना चुकून शेंगदाणा पोटात गेला तर पुढच्या दहा मिनिटांत तिथे काय घडेल, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही आणि विचारल्यावरही बहुतेकांना सांगता येत नाही. याच शोधात असलेल्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. शाळांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण एक मुख्याध्यापक किंवा एक वर्गशिक्षिका बदलली की त्याच इमारतीतले उत्तर बदलते, आणि जुन्या अभिप्रायावर विसंबून कोणी आपले मूल तिथे पाठवावे अशी माझी इच्छा नाही.

आधी आपल्या गावाविषयी. सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी बाहेरगावचे लोक भेट म्हणून बांधून नेतात, संक्रांतीच्या सुमारास घरोघरी शेंगापोळ्या होतात. पण ॲलर्जी असलेल्या मुलाच्या दृष्टीने या उघड दिसणाऱ्या गोष्टी त्यातल्या त्यात सोप्या आहेत. अवघड आहे तो कूट. भरल्या वांग्यात, काकडीच्या कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, भगरीबरोबरच्या आमटीत तो असतोच आणि डबा भरणाऱ्या आईलाही तो वेगळा घातल्याचे आठवत नाही. तेलाचेही तसेच आहे: कारखान्यात शुद्ध केलेल्या शेंगतेलात प्रथिने जवळपास उरत नाहीत, परंतु लाकडी घाण्यावरच्या तेलात ती राहू शकतात, आणि ॲलर्जी प्रथिनांची असते. असे असताना एखाद्या शाळेने ‘आमच्याकडे शेंगदाणा येतच नाही’ असे सांगितले तर त्या वाक्यावर किती भरवसा ठेवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

विजापूर रोडच्या बाजूची पहिली शाळा हेच सांगत होती. इमारत सुंदर, स्वागतकक्षात वातानुकूलन, आणि माहिती देणाऱ्या बाई अतिशय सौजन्याने म्हणाल्या, “आपला कॅम्पस पूर्ण नटफ्री आहे.” त्यांच्या मागच्या टेबलावर कार्यालयातील कोणाचा तरी स्टीलचा डबा उघडा होता आणि भाकरीच्या चवडीशेजारी लालभडक शेंगाचटणीचा ढीग मला उभ्या जागेवरून दिसत होता. मी काही बोलले नाही. त्या खोटे बोलत होत्या असेही मला वाटत नाही. ‘नट’ म्हणजे काजू-बदाम, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असावी. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने त्यांचे फारसे चुकलेही नव्हते, कारण भुईमूग हा तूर-हरभऱ्याच्या कुळातला आहे. डबाबंद पदार्थांच्या वेष्टनावर ॲलर्जीची सूचना देण्याविषयीचे जे नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केले, त्यांत मात्र शेंगदाण्याचे नाव स्पष्ट आहे.

दुसऱ्या शाळेने आमच्यासमोर हमीपत्र ठेवले: काहीही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. शिवाय मुलीने मधल्या सुट्टीत रोज शिक्षक-कक्षात एकटीने डबा खावा, असा प्रस्ताव होता. सहा वर्षांच्या मुलीला शिक्षा झाल्यासारखे वाटेल, असे मी म्हटल्यावर “मग तुम्हीच बघा” असे उत्तर मिळाले. तिथे आम्ही दहा मिनिटेही थांबलो नाही.

तिसऱ्या शाळेतील प्रथमोपचाराचे कपाट मला पाहायचे होते. पर्यवेक्षक उत्साहाने घेऊन गेले, तर कपाटाला कुलूप. किल्ली शिपाईमामांकडे आणि शिपाईमामा चलन भरायला बँकेत गेलेले. ते परत येईपर्यंत आम्ही व्हरांड्यात पंचवीस मिनिटे उभे होतो. कपाट उघडले तेव्हा कापूस, आयोडीन, मलमाच्या दोन नळ्या आणि सेटिरिझिनच्या गोळ्या निघाल्या. ॲलर्जीवर ‘गोळी’ आहे एवढ्यावर सर समाधानी होते. इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे: या गोळीने खाज आणि पित्ताच्या गांधी कमी होतात, पण घशाची सूज, दम लागणे किंवा रक्तदाब उतरणे तिने थांबत नाही. त्यावर पहिला उपाय ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हाच आहे, ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचे असते आणि ते देण्यास लागणारा प्रत्येक मिनिट महाग पडतो.

चौथी शाळा शहराच्या पूर्व भागातली, अनुदानित, जुन्या दगडी पायऱ्यांची. तिथल्या मुख्याध्यापकांनी आम्हाला सरळ नकार दिला आणि पाचांपैकी मनाला पटलेला पहिला माणूस तोच. त्यांचे म्हणणे असे की पहिली ते आठवीच्या मुलांना पोषण आहार मिळतो, तो बाहेर शिजून येतो, फोडणीचे तेल आणि त्यात पडणारा कूट यांच्यावर त्यांचा ताबा नाही, एका वर्गात साठ मुले आहेत, आणि खोटा शब्द देऊन मूल घ्यायचे त्यांच्या जिवावर येते. प्रवेश मिळाला नाही, पण त्यांनी दिलेला चहा आम्ही पिऊन आलो.

होटगी रोडच्या बाजूची पाचवी शाळा आम्ही निवडली, ती मुख्याध्यापिकांच्या एका वाक्यावरून. मी डब्यांविषयी बोलू लागले तेव्हा मॅडमनी मला थांबवले आणि म्हणाल्या, “डब्याचं नंतर बघू. आधी इंजेक्शन कोण देणार ते ठरवू.” चार शाळांमध्ये हा प्रश्न मी विचारत होते, इथे तो मला विचारला गेला.

त्यानंतर जे झाले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी एका पानावर लेखी योजना करून दिली: कोणती लक्षणे दिसली की थांबायचे नाही, औषध किती द्यायचे, मुलीला आडवे झोपवून पाय उंच ठेवायचे, दम लागत असेल तर बसू द्यायचे, पण उभे करायचे किंवा चालवत न्यायचे नाही, आणि लगेच १०८ ला फोन करायचा. परदेशी मिळते तसे औषध आधीच भरलेले, लगेच टोचता येणारे तयार पेन आमच्याकडे नाही. ॲम्प्युल (औषधाची काचेची बंद कुपी), सिरिंज आणि सुई असा संच आहे. मात्रा वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम या हिशेबाने ठरते, त्यामुळे वीस किलोच्या मुलाला नेहमीच्या, मिलिलिटरला एक मिलिग्रॅम औषध असलेल्या ॲम्प्युलमधून केवळ ०.२ मिलिलिटर लागते, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून ते नेमके भरणे सोपे नसते. (हा आकडा केवळ कल्पना यावी म्हणून दिला आहे, आपल्या मुलाची मात्रा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.) जूनमधल्या एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर, वर्गशिक्षिका, क्रीडाशिक्षक आणि कार्यालयातील एक लेखनिक असे तिघे डॉक्टरांसमोर बसले आणि साधे पाणी भरून मोसंबीवर सराव केला. वर्गशिक्षिकांना पहिल्या वेळी दोन मिनिटांहून अधिक लागली, ॲम्प्युलची मान फोडताना त्यांचा हात थरथरत होता. चौथ्या वेळी त्या पाऊण मिनिटावर आल्या. क्रीडाशिक्षकांनी घड्याळ लावून मोजले, म्हणून हे नेमके सांगता येते.

एक संच वर्गात दाराशेजारी, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, केशरी पाकिटात खिळ्याला टांगलेला असतो, दुसरा कार्यालयात. कुलूप कुठेही नाही. सोलापूरच्या उन्हाचा विचार मात्र आम्हा कोणालाच सुचला नव्हता. हे औषध सर्वसाधारणपणे २५ अंशांच्या आत, उजेडापासून दूर ठेवायचे असते, फ्रीजमध्ये गोठू द्यायचे नसते, आणि आपल्याकडे मार्च सरता सरता पारा चाळिशीला टेकतो. वर्गाची पश्चिमेकडची भिंत दुपारी तव्यासारखी तापते, हे मार्चमध्ये वर्गशिक्षिकांच्याच लक्षात आले. तेव्हापासून ते पाकीट खिडकीपासून लांबच्या भिंतीवर, मातीच्या माठाशेजारी गेले आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी औषधाचा रंग व मुदत पाहून वहीत सही होऊ लागली.

वर्ग साफ करणाऱ्या मावशी घरी तेलुगू बोलतात. मुलीच्या फोटोखाली ‘शेंगदाणा चालत नाही’ असे लिहिलेला कागद त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारले, “म्हणजे पल्लीच ना?” त्याच दिवशी वर्गशिक्षिकांनी त्या कागदावर पेनने ‘पल्ली’ असे लिहून टाकले. ज्या शहरात एका गल्लीत तीन भाषा बोलल्या जातात, तिथे एवढ्या साध्या गोष्टीवर बरेच काही अवलंबून असते. बाके आता साबणाच्या पाण्याने पुसली जातात, पुसायचे फडके वेगळे आहे, आणि डबा झाल्यावर सगळा वर्ग साबणाने हात धुतो. सॅनिटायझर वापरत नाहीत, कारण त्याने जंतू मरत असले तरी शेंगदाण्याची प्रथिने हातावर तशीच राहतात.

शाळेने संपूर्ण बंदी घातलेली नाही, आणि मला ते योग्य वाटते. त्या एका वर्गापुरती चटणी, चिक्की आणि खाऱ्या शेंगा न देण्याची विनंती पालकांना केली आहे. डब्याची देवाणघेवाण कोणीच करायची नाही, हा नियम आहे. शेजारच्या वर्गातून येणाऱ्या वासाची भीती मलाही वाटत असे, परंतु डॉक्टरांनी समजावले की धोका मुख्यतः पोटात जाण्याचा आहे, नुसत्या वासाने सहसा तीव्र प्रतिक्रिया येत नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात १ जानेवारी २००६ पासून शाळांसाठी जो ‘सब्रिनाचा कायदा’ लागू आहे, त्याचाही भर प्रत्येक मुलाची लेखी योजना आणि कर्मचाऱ्यांचे नियमित प्रशिक्षण यांवर आहे. एखादा पदार्थ सरसकट बंद करावा असे तो सांगत नाही. आमच्या शाळेतील मॅडमनी या कायद्याचे नावही ऐकले नव्हते, तरी त्या त्याच ठिकाणी पोहोचल्या होत्या.

आता उणिवा. संक्रांतीच्या तिळगुळाविषयीची सूचना व्हॉट्सॲपवर आदल्या रात्री दहा वाजता आली. तोपर्यंत बहुतेक घरी लाडू वळून झाले होते आणि तीन डब्यांत कुटाचे लाडू निघाले. नोव्हेंबरमध्ये वर्गशिक्षिका रजेवर असताना आठवडाभर आलेल्या बदली शिक्षिकांना केशरी पाकीट कशाचे आहे, हेच ठाऊक नव्हते. सर्वांत गंभीर प्रसंग २६ जानेवारीचा. झेंडावंदनानंतर एका पाहुण्यांनी आपण होऊन आणलेल्या चिक्कीच्या पुड्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांना वाटायला सुरुवात केली आणि कोणीही त्यांना थांबवले नाही. मुलीने आपल्या हातातली पुडी न फोडता बाईंकडे नेऊन दिली. शहाणी म्हणून सगळ्यांनी तिचे कौतुक केले. मला मात्र रात्री झोप लागली नाही, कारण सहा वर्षांच्या मुलीच्या शहाणपणावर व्यवस्था उभी राहू शकत नाही, आणि हे मी मॅडमना त्याच शब्दांत सांगितले.

त्यांनी बचाव केला नाही. दुसऱ्या दिवशी लेखी पत्र आले: बाहेरून येणारा खाऊ दोन दिवस आधी कार्यालयात दाखवायचा, वेष्टनावर घटक छापलेले असतील तरच घ्यायचा, सुटी मिठाई कोणाकडूनही स्वीकारायची नाही. बदली शिक्षकाच्या हजेरीपत्रकाला आता मुलीचा कागद टाचलेला असतो. फेब्रुवारीत महाशिवरात्रीच्या आधीच्या दिवशी मुलांना खिचडी द्यायचा बेत होता, तो केळी आणि राजगिऱ्याच्या लाडवांवर आला. त्या लाडवांचे वेष्टन मॅडमनी मला फोटो काढून पाठवले होते.

रिक्षा हा शाळेबाहेरचा विषय आहे, असे शाळा म्हणते आणि नियमाने ते खरेही आहे. आमचे रिक्षावाले काका सिग्नलला भाजक्या शेंगा घेऊन खात, टरफले आसनावर पडत. त्यांच्याशी बोलणे, आसन पुसून घेणे, त्यांच्या फोनमध्ये आमचे व डॉक्टरांचे क्रमांक घालून देणे हे सगळे आम्हालाच करावे लागले. काकांनी शेंगा सोडल्या आणि पान सुरू केले, त्याबद्दल त्यांच्या घरून मला अजून बोलणी बसायची आहेत.

या सगळ्या व्यवस्थेसाठी शाळेने वेगळी रक्कम घेतली नाही. औषधाचा आणि सुयांचा किरकोळ खर्च आमचा. पाचपैकी गुण द्यायचे तर मी या शाळेला चार देईन. एक गुण २६ जानेवारीचा कापला आहे, आणि तो पुढच्या २६ जानेवारीपर्यंत परत देणार नाही. ज्या पालकांच्या मुलाला दूध, अंडे असे आणखी काही चालत नाही, त्यांनी मात्र स्वतंत्रपणे चौकशी करावी. इथली सगळी तयारी शेंगदाण्याभोवती झालेली आहे.

दुसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. तिथे पाकिटासाठी नवा खिळा मारायचा आहे, मुलीचे वजन दीड किलोने वाढल्यामुळे कागदावरचा आकडा बदलून घ्यायचा आहे, आणि नव्या वर्गशिक्षिकांसाठी शाळा उघडण्याआधीच्या शनिवारी अर्धा डझन मोसंबी घेऊन या, असा मॅडमचा निरोप आला आहे.