आधी कोणाला ऐकाल: ऑलिव्हर पोस्टगेट की डेव्हिड जेसन?

डबिंग, ऑडिओबुक किंवा कार्टूनच्या आवाजाच्या कामात उतरायचं असेल तर जुन्या ब्रिटिश बालमालिका कान देऊन ऐका, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. तेव्हा पैसा कमी आणि चित्रं मोजकी असायची, त्यामुळे गोष्ट पेलण्याचं बरंचसं काम आवाजावर यायचं. अडचण एवढीच की मालिका ढीगभर आहेत. माझ्या मते नवख्याने निवड करावी ती दोन घराण्यांमधून. एक केंट परगण्यातल्या जुन्या गोठ्यात वाढलेलं, ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन यांचं. दुसरं मँचेस्टरचं, ब्रायन कॉसग्रोव्ह आणि मार्क हॉल यांचं, ज्यांनी ‘डेंजर माऊस’ ही कार्टून मालिका काढली आणि तिच्या नायकाला अभिनेता डेव्हिड जेसनचा आवाज दिला.

पोस्टगेट आणि फर्मिन यांच्या कंपनीचं नाव होतं स्मॉलफिल्म्स, आणि ती खरंच नावासारखी होती. बाहुल्या, चित्रं, देखावे फर्मिननी करायचे. लिहिणं, कॅमेऱ्याखाली बाहुल्या तसूतसूने हलवणं आणि बोलणं पोस्टगेटनी. त्यांचा ‘बॅगपस’ 1974 साली बीबीसीवर आला. भाग फक्त 13. तरीही 1999 मध्ये बीबीसीने घेतलेल्या कौलात तीच मुलांची सर्वांत लाडकी मालिका ठरली. बॅगपस हा कापडी बोका. तो शेंदरी पट्ट्यांचा व्हायचा होता, पण कापड रंगवताना घोळ झाला आणि पट्टे गुलाबी उमटले. एमिली नावाची मुलगी हरवलेली, मोडकी वस्तू दुकानात आणून ठेवते, बॅगपस जागा होतो आणि सगळे मिळून ती वस्तू दुरुस्त करतात. एमिली झाली होती फर्मिनचीच मुलगी.

आता यात ऐकायचं काय? निवेदक, बॅगपस आणि लाकडी सुतारपक्षी प्रोफेसर याफल, तिघेही पोस्टगेटच. याफलसाठी त्यांच्या नजरेसमोर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल होते. तिन्ही आवाज एकापाठोपाठ ऐकलेत की लक्षात येईल, पोस्टगेट गळा फारसा पिळतच नाहीत. फरक पडतो तो चालीने. बॅगपसचं प्रत्येक वाक्य जांभई आवरत आल्यासारखं येतं, याफल दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडतो आणि निवेदक कुठेही घाई करत नाही. भागाच्या शेवटी बॅगपस झोपतो आणि त्याच्यासोबत सगळे झोपतात, तेव्हा तो आवाज कसा उतरत जातो ते ऐका. कुजबुज होत नाही, शब्द स्पष्टच राहतात, फक्त त्यातला जोर पायरीपायरीने कमी होतो. मुलांना गोष्ट वाचून दाखवणाऱ्याने हा तुकडा तोंडपाठ होईपर्यंत ऐकावा. मॅडलिन बाहुली आणि गेब्रिएल बेडूक यांचे आवाज मात्र लोकसंगीतवाले सँड्रा केर आणि जॉन फॉकनर यांचे. गाणीही त्यांचीच, आणि ती फार गोड आहेत.

याच जोडीची ‘द क्लँगर्स’ त्याआधीची, 1969 ते 1972 ची. चंद्रासारख्या एका ग्रहावरचे हे विणलेले गुलाबी जीव शिट्टीत बोलतात. पण ती शिट्टी वाटेल तशी वाजवलेली नाही. पोस्टगेट आधी सगळे संवाद इंग्रजीत लिहीत आणि मग ते सरकत्या दांड्याच्या शिट्टीवर वाजवत. एका भागात दार अडकतं आणि मोठा क्लँगर वैतागून चक्क शिवी हासडतो, तीही शिट्टीतच! बीबीसीने या वाक्याला हरकत घेतल्याचा किस्सा पोस्टगेट पुढे रंगवून सांगत. संवादात शब्दांखाली सूर किती काम करतो, हे शिकवणारी याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही.

मँचेस्टरला गेलात की सगळा नूर पालटतो. ‘डेंजर माऊस’ 28 सप्टेंबर 1981 ला आयटीव्हीवर सुरू झाला. त्याच महिन्यात बीबीसीवर डेव्हिड जेसन ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’मध्ये लंडनचा बोलबच्चन डेल बॉय म्हणून उभा राहिला होता, आणि इकडे तोच माणूस डोळ्यावर पट्टी बांधलेल्या, कशानेही न डगमगणाऱ्या गुप्तहेर उंदराचा आवाज झाला. मालिकेचा निवेदकही जेसनच. तो निवेदक भारदस्त सुरुवात करतो आणि बघता बघता स्वतःच्याच नोकरीबद्दल कुरकुरायला लागतो. एडवर्ड केल्सी नायकाचा वरिष्ठ कर्नल के करतात आणि खलनायक बेडूक बॅरन ग्रीनबॅकही. एक भरभरून, घोळत बोलणारा, दुसरा घोगऱ्या श्वासावर शब्द ढकलणारा. पटकथाकार ब्रायन ट्रूमन खलनायकाच्या कावळ्याचा, स्टिलेटोचा आवाज देतात. ब्रिटनमध्ये त्या कावळ्याचं बोलणं इटालियन ढंगाचं होतं, अमेरिकेसाठी ते लंडनच्या कॉकनी ढंगात बदलावं लागलं. एखाद्या समाजाच्या ढंगाची नक्कल सगळीकडे खपत नाही, हे नक्कल करून पोट भरू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त शिकवलं ते टेरी स्कॉटच्या पेनफोल्डने. तो जाड चष्म्याचा, टकलू, भित्रा मदतनीस. कॉसग्रोव्हनी तो रेखाटला आणि मग त्यांना जाणवलं की हा तर आपला भाऊच दिसतोय. पैसे वाचवायला काही प्रसंग मिट्ट काळोखात घडवले जात. काळ्या पडद्यावर फक्त डोळे, त्यातही डेंजर माऊसचा एकच, कारण दुसऱ्यावर पट्टी. चित्र जवळजवळ नाहीच, आणि तरी कोण घाबरलंय, कोण धीर देतोय, कोण कोणाला चिकटून उभा आहे, हे सगळं कळतं. स्कॉट एकाच भीतीच्या दहा छटा काढतात आणि जेसन शांत राहून त्या छटांना उठाव देतात. माइकसमोर दोघांनी एकमेकांसाठी जागा ठेवायची म्हणजे काय, ते या काळोखातल्या प्रसंगांत सापडतं.

मग निवड कशी करायची? एकट्याने ऑडिओबुक वाचायचं असेल, घरच्या घरी गोष्टींचं चॅनेल काढायचं असेल, तर स्मॉलफिल्म्स. बॅगपसचे भाग जेमतेम पाव तासाचे आहेत, सगळी मालिका दोन संध्याकाळींत होते. डबिंग स्टुडिओत जायचं असेल, दिवसाला तीन पात्रं अंगावर पडणार असतील, तर डेंजर माऊस. त्याला जोडून 1988 चा ‘काउंट डक्युला’ घ्या. डक्युला आधी डेंजर माऊसमध्ये अडखळत, तोतरं बोलणारा खलपुरुष होता. स्वतःच्या मालिकेत तो रक्ताऐवजी टोमॅटो केचपने जिवंत होतो, म्हणून शाकाहारी आणि बराच निरुपद्रवी. दोन्हीकडे आवाज जेसनचाच, पण स्वभाव बदलला तशी बोलण्याची पद्धतही बदलली.

तरी एकच निवडा म्हणालात तर मी पोस्टगेटला पुढे करेन. जेसन आणि केल्सी ऐकून नवखा माणूस लगेच चित्रविचित्र आवाज काढायला धावतो. गळा दुखतो, आणि पात्र मात्र हाती लागत नाही. पोस्टगेट ऐकून ही घाई अंगातून जाते. ती गेली की मँचेस्टरवाल्यांकडून घेण्यासारखं फार आहे.

‘डेंजर माऊस’ आणि ‘द क्लँगर्स’ या दोन्ही मालिकांच्या नव्या आवृत्त्या 2015 मध्ये आल्या. नव्या डेंजर माऊसला अलेक्झांडर आर्मस्ट्राँग आणि पेनफोल्डला केव्हिन एल्डनचा आवाज आहे. तो नंतर पाहिलात तरी चालेल. नवे क्लँगर्स मात्र लवकर मिळवा. ब्रिटनमध्ये त्यांचं निवेदन मायकेल पेलिनचं आहे आणि अमेरिकेत विल्यम शॅटनरचं. तोच भाग दोघांच्या आवाजात लागोपाठ ऐका आणि कोण कुठे थांबतो ते कागदावर टिपून ठेवा.